रम म्हणायचं कशाला?

धाराशिव जिल्ह्यातलं ढोकी म्हटलं की तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना आठवतो. थकलेल्या कर्जात बुडून कारखाना बरीच वर्षं बंद राहिला, पुढे भाडेतत्त्वावर गेला आणि धुराडं पुन्हा पेटलं. या सगळ्या काळात चर्चा झाली ती उसाच्या दराची, थकीत पगारांची, सभासदांच्या हक्कांची. मळीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बाटलीतल्या रमची गोष्ट मात्र सुरू होते तिथूनच.

रस आटवून साखरेचे दाणे बांधले, सेंट्रिफ्यूगल यंत्रात ते वेगळे केले, की उरतो तो काळपट, चिकट, घट्ट पाक. बोटाला लागला तर साध्या पाण्याने लवकर सुटत नाही. त्यातून जमेल तेवढी साखर काढून झाली की शेवटी राहते ती ‘सी’ मळी. एक टन उसामागे ती साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो निघते. पाणी घालून पातळ केलेल्या मळीत यीस्ट सोडलं, की दीड-दोन दिवसांत आठ-दहा टक्के अल्कोहोलचं आंबवण तयार होतं. एक टन ‘सी’ मळीतून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल मिळतं. मागे उरणारं स्पेंटवॉश त्याच्या कित्येक पट असतं, आणि त्याच्या वासाबद्दल आसवनीशेजारी शेत असणाऱ्यालाच विचारावं.

इथून वाटा फुटतात. जुन्या पद्धतीच्या पॉट स्टिलमध्ये आंबवण सावकाश उकळलं, तर उसाचा आणि यीस्टचा स्वाद अल्कोहोलबरोबर वर येतो. जमैकात तर आंबवण मुद्दाम लांबवून तो स्वाद उग्र करतात. उंच स्तंभातून वारंवार शुद्ध केलं, तर 96 टक्क्यांच्या आसपासचं, जवळपास वास-चव नसलेलं न्यूट्रल स्पिरिट हाती येतं. आपल्या बहुतेक आसवन्या ही दुसरी वाट धरतात. मग रम कोणती?

भारतात याचं उत्तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या मद्यविषयक नियमांत आहे. ते 1 एप्रिल 2019 पासून लागू झाले. उसाचा रस, मळी किंवा उसाचा अन्य पदार्थ आंबवून केलेलं ऊर्ध्वपातित मद्य ही रम, हे ओघाने आलंच. पण उसापासूनच्या न्यूट्रल किंवा रेक्टिफाइड स्पिरिटपासून बनवलेलं मद्यही नियमाने रमच. त्यात रंगासाठी कॅरॅमल चालतं, नियमांत बसणारे स्वाद चालतात. माझ्या मते सगळी मेख या दुसऱ्या वाक्यात आहे. ज्या स्पिरिटमधून उसाची ओळख मेहनतीने घालवली, त्यात ती बाहेरून परत घालायची आणि नाव तेच ठेवायचं!

युरोपीय संघाच्या 2019 च्या नियमात हे बसत नाही. तिथे रम 96 टक्क्यांच्या खालीच गाळावी लागते, कच्च्या मालाचा स्वाद तिच्यात जाणवावा लागतो आणि वरून स्वाद घालायला बंदी आहे. कॅरॅमल फक्त रंग सारखा करण्यापुरतं. गोडी मात्र लिटरला 20 ग्रॅमपर्यंत चालते, म्हणजे तेही काही सोवळ्यात बसलेले नाहीत. अमेरिकेत रंग-स्वाद मिळून अडीच टक्क्यांची मर्यादा आहे. मार्टिनिक बेटावर 1996 पासून मानांकन आहे ते ताज्या रसाच्या रमला; तिथे मळीला दारच बंद.

आपल्याकडची गंमत पुढेच आहे. मळीचं स्पिरिट आपल्या नियमांत व्हिस्कीतही चालतं. युरोपात व्हिस्की धान्याचीच लागते, त्यामुळे आपली मळीवाली व्हिस्की तिथे व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. आणि तेच स्पिरिट वेगळ्या परवान्याखाली, वेगळ्या शुल्काने देशी दारू म्हणूनही बाटलीत जातं. 2025 मध्ये राज्याने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्ग काढला तो धान्याधारित मद्याचा. एवढा ऊस गाळणाऱ्या राज्याच्या नावाच्या मद्यात उसालाच जागा नाही!

ज्यांना प्रामाणिक रम करायची आहे, त्यांना नियमांनी अडवलेलं नाही. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीजने ‘टू इंडीज’मध्ये गुळाचं मद्य आणि कॅरिबियन रम एकत्र केली. हरियाणातल्या पिकाडिलीची ‘कामिकारा’ थेट उसाच्या रसाची, लाकडी पिंपात मुरवलेली. तेरणा खोऱ्यात ऊस आहे, गूळ आहे, मळी आहे. पण पिंपात वर्षानुवर्षं पैसा अडकवायचा म्हणजे शेतकऱ्याची उसाची बिलंच वेळेवर देताना दमछाक होणाऱ्या कारखान्यांना ते परवडणार कसं? इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, म्हणून मळी पेट्रोलच्या वाटेला जाते. त्यात कारखान्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

चुकतं ते लेबलचं. बाटलीवर 42.8 टक्के हा आकडा असतो, जुन्या हिशेबात पंचाहत्तर प्रूफ. आरोग्याचा इशारा असतो, दारू पिऊन गाडी चालवू नका हेही असतं. आतलं मद्य पॉट स्टिलचं की स्वाद घातलेल्या न्यूट्रल स्पिरिटचं, हे मात्र दर्शनी बाजूला ठळक, सोप्या शब्दांत सांगितलेलं सहसा दिसत नाही. व्याख्या बदलायला वेळ लागेल. ही एक ओळ मराठीतून छापायची सक्ती प्राधिकरणाने उद्याही करावी. तोवर घेणाऱ्याने बाटली फिरवून मागचा बारीक मजकूर वाचावा, आणि न घेणाऱ्याने निदान आपल्या उसाचं पुढे काय होतं ते विचारावं.