जुन्या मोटारींतील पेट्रोलाची गळती : तिचा शोध व दुरुस्ती

हल्लीं पुष्कळ बागाईतदारांच्या दारांत वापरलेली जुनी मोटार असते, आणि ती बहुधा गोठ्यालगतच्या छपरांत, कडब्याच्या गंजीपासून चार हातांवर उभी राहते. तिला पेट्रोलाचा वास येऊं लागला म्हणजे "जुनी गाडी, वास यावयाचाच" असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. हें स्वस्थ बसणें घातक आहे. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते, खळग्यांत सांठते आणि दूरच्या चुलीपर्यंत पोंचून तेथून पेट घेते. थंडीच्या दिवसांतही हें भय कमी होत नाहीं. यास्तव गळणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत गंजीपासून व घरापासून दूर, उघड्यावर ठेवावी, हा पहिला नियम होय.

नुकसानीचा हिशेबही लहान नाहीं. गळतीखालीं पत्र्याचें भांडें ठेवून पाहावें. दहा मिनिटांत चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर पेट्रोल जमलें, तर दिवसाचें 720 मिलिलिटर व 30 दिवसांचें साडेएकवीस लिटरांहून अधिक पेट्रोल मातीस मिळतें.

गळतीचें मुख्य कारण रबर होय. उष्णतेनें व वयानें रबरी नळ्या कडक होऊन चिरतात. त्यांत हल्लीं एका कारणाची भर पडली आहे. उंसापासून व धान्यापासून होणारें इथेनॉल पेट्रोलांत मिसळतात, आणि सन 2025 मध्यें त्याचें प्रमाण देशांत जवळजवळ 20 टक्क्यांपर्यंत पोंचलें. आपल्या मालास त्यामुळें गिऱ्हाईक मिळालें हें खरें, परंतु कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांचें रबर ह्या मिश्रणासाठीं योजलेलें नव्हतें. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतें, त्यामुळें फार दिवस उभ्या असलेल्या गाडीची टाकी आंतून गंजण्याचा संभव असतो.

आतां शोधाची रीत सांगतों. गळती केव्हां होते, हें प्रथम टिपून ठेवावें. टाकी पूर्ण भरल्यावरच वास येत असेल, तर दोष बहुधा भरण्याच्या तोंडाची रबरी नळी किंवा टाकीच्या वरच्या अंगाचें गॅस्केट यांत असतो. इंजिन चालू असतांनाच थेंब पडत असतील, तर पंपापासून इंजिनापर्यंतच्या दाबाच्या नळ्या पाहाव्या. गरम गाडी उभी केल्यावर कार्बुरेटर ओला होत असेल, तर फ्लोटची सुई नीट बसत नाहीं असें समजावें. बाहेर कांहींच ओलें नाहीं, पण इंजिनांतील ऑइल वाढलें व त्यास पेट्रोलाचा वास येतो, तर इंजिनावरील यांत्रिक पंपाचा डायफ्रॅम फाटला असण्याचा संभव असतो. अशा वेळीं इंजिन मुळींच चालवूं नये, कारण पातळ झालेलें ऑइल बेअरिंगें खातें.

दुसरी गोष्ट, थेंब जेथें पडतो तेथें भोंक असतेंच असें नाहीं. आमच्याच गाडीची टाकी तळाशीं ओली दिसे. एका कारखान्यांत तळास लुकण लावून दिलें, व आम्हींही समाधानानें पैसे दिले. तीन आठवड्यांनीं टाकी पुनः ओली. मग आम्हीं सर्व भाग कोरड्या फडक्यानें पुसला, वर खडूची पूड भुरभुरली आणि टाकी भरून वाट पाहिली. पूड प्रथम भिजली ती तळास नव्हे, तर भरण्याच्या नळीच्या वरच्या वांकणापाशीं. तेथील चिरेंतून पेट्रोल टाकीच्या अंगावरून खालीं ओघळत होतें. सारांश, ओलाव्याचा माग खालून वर घ्यावा. सर्वांत उंच ओली जागा तीच गळतीची जागा. ही पाहणी सकाळच्या गारव्यांत करावी, कारण उन्हांत पेट्रोल उडून जातें व मागें केवळ डाग राहतो.

दुरुस्तीपूर्वीं इंजिन थंड होऊं द्यावें व बॅटरीची ऋण तार सोडावी. विडी, चूल व उघडा दिवा दूर ठेवावा. वाळूची बादली व कोरड्या पुडीचें अग्निशामक जवळ असावें. पाण्यानें पेट्रोलाची आग विझत नाहीं, उलट पसरते. टाकी रिकामी करतांना नळी तोंडानें ओढूं नये. पेट्रोल फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेततें.

चिरलेली नळी चिकटपट्टीनें बांधूं नये, ती बदलावी. नवी नळी त्याच आंतल्या व्यासाची व इथेनॉलमिश्रित पेट्रोलास टिकेल अशी छापील खूण असलेली घ्यावी. पाण्याची किंवा फवारणी पंपाची नळी येथें चालत नाहीं. जुनी क्लिप पुनः वापरूं नये. एक नळी चिरली असेल, तर तिच्या वयाच्या बाकीच्याही बदलाव्या. गंजून भोंक पडलेल्या टाकीस घरीं झाळकाम कदापि करूं नये. रिकाम्या टाकींतील वाफ भरल्या टाकीहून अधिक घातक असते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडींत इंजिन बंद असतांनाही नळ्यांत दाब राहतो, म्हणून तें काम जाणत्या कारागिरावरच सोंपवावें.

काम झाल्यावर गाडी उघड्यावर दहा मिनिटें चालवावी, नंतर बंद करून प्रत्येक जोडास कोरडा कागद लावून पाहावा. कागद कोरडा निघाला, व दुसरे दिवशीं सकाळींही वास नसला, तरच गाडी छपराखालीं घ्यावी. नळीस थोडकेच रुपये पडतात. गंजी जळाली तर वर्षाची वैरण जाते, आणि दावणीचीं जनावरें सोडावयास वेळ मिळेलच असें नाहीं.