मिठाच्या पाण्यात बाजरीची परीक्षा

बाजरीच्या कणसातून कधी मधासारखा चिकट द्रव पाझरतो. हा बुरशीमुळे होणारा अरगट रोग. पुढे दाण्याच्या जागी बुरशीची काळपट गाठ बनते. ती बियाण्यातून गेली तर रोग पुढच्या हंगामात पोचतो. भाकरीतून पोटात गेली तर मळमळ, उलट्या होतात व गुंगी येते.

या गाठी वेगळ्या कशा करायच्या? येथे आर्किमिडीज मदतीला येतो! १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवले की द्रावणाची घनता १ वरून सुमारे १.१ होते, उत्प्लावक बल वाढते. हलक्या गाठी व पोचट दाणे तरंगतात, भरीव दाणे तळाशी बसतात. तरंगणारे काढून नष्ट करावे. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे. मीठ राहिले तर उगवण घटते.

अंधेरी-बोरिवलीत शेत कुठले? मग बटाट्याची फोड आधी साध्या, नंतर अशा खाऱ्या पाण्यात टाकून पाहा!