फारकतीचा कागद आणि न्यायालयाचा हुकूमनामा

श्रीगोंदा, काष्टी, बेलवंडी, मांडवगण या पट्ट्यात एखादा संसार मोडकळीस आला, समजुतीचे सर्व उपाय खुंटले आणि मुलगी कायमची माहेरी येऊन राहिली, म्हणजे उभय पक्षांची वडीलधारी मंडळी बैठकीला बसतात, दागिन्यांचा व भांड्याकुंड्यांचा हिशेब चुकता करतात आणि अखेरीस मुद्रांकावर फारकतीचा मजकूर लिहवून, त्यावर पंचांच्या सह्या व नोटरीचा शिक्का घेऊन, प्रकरण निकालात निघाले अशा समाधानाने घरोघर परततात. हा मुद्रांक शंभराचा असो की पाचशेचा, सामान्यतः त्याने विवाह संपत नाही; कायद्याच्या दृष्टीने ती दोघे दुसऱ्या दिवशीही पतिपत्नीच असतात.

या कागदावरील लोकांचा विश्वास निव्वळ अज्ञानातून आलेला आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. दख्खनेतील अनेक शेतकरी व कारागीर जातींत काडीमोड, सोडचिठ्ठी आणि त्यानंतरचा पाट म्हणजे पुनर्विवाह, ही रूढी कायद्याच्या पुस्तकांहून कितीतरी जुनी असून, कंपनी सरकारच्या अमदानीत आर्थर स्टील याने १८२७ मध्ये सिद्ध केलेल्या जातिरूढींच्या संग्रहातही तिची दखल घेतलेली आढळते. ज्यांना आपण उच्चवर्णीय म्हणत आलो त्यांच्यातच ही वाट बंद होती. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये काडीमोडीविषयी कायदा केला, मुंबई इलाख्याने १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा स्वतंत्र अधिनियम संमत केला आणि १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने हा अधिकार देशभर नेला. त्या अधिनियमाच्या कलम २९ ने रूढीनुसार मिळणारा घटस्फोट राखूनही ठेवला आहे. परंतु अशी रूढी त्या समाजात प्राचीन, अखंड व निश्चित स्वरूपात चालत आलेली आहे हे तिचा आधार घेणाऱ्याने न्यायालयात सांगावे व शाबीत करावे लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हीच अट पुन्हा अधोरेखित केली. मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीत घटस्फोटाच्या दस्ताची नोंद आहे, हा युक्तिवाद कधी कधी मोठ्या चतुराईने पुढे केला जातो. पण सरकारने शुल्क स्वीकारले म्हणून दस्ताला नसलेले सामर्थ्य प्राप्त होत नाही.

तेव्हा बैठकीत ठरायचे ते खुशाल ठरावे. त्यावर मोहोर उमटायची ती न्यायालयाची. जेथे कुटुंब न्यायालय नाही तेथे घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्यापुढे चालतो. तो विवाह जेथे झाला, उभयतांचे शेवटचे एकत्र वास्तव्य जेथे होते किंवा सामनेवाला जेथे राहतो, त्या हद्दीत दाखल करता येतो. आणि २००३ च्या दुरुस्तीपासून अर्जदार पत्नीला ती सध्या जेथे राहते तेथेही दाद मागता येते. भीमेपलीकडे दौंड तालुक्यात दिलेली काष्टीची लेक माहेरी परतली असेल, तर तिने तारखांसाठी नदी ओलांडण्याचे आता कारण उरलेले नाही. विवाहाला एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी मात्र, असाधारण हालअपेष्टा दाखविल्याखेरीज, अर्जच घेतला जात नाही.

दोघांचीही संमती असेल तर मार्ग त्यातल्या त्यात सुगम आहे, आणि तो १९७६ मध्ये खुला झाला. एक वर्षाहून कमी नाही इतका काळ विभक्त राहिलेल्या जोडप्याने संयुक्त अर्ज करावा, सहा महिन्यांनंतर परंतु अठरा महिन्यांच्या आत पुन्हा न्यायालयापुढे येऊन आपला निश्चय कायम असल्याचे सांगावे, आणि न्यायाधीशांची खात्री पटल्यावर हुकूमनामा व्हावा, असा हा क्रम. मधली सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते, ही गोष्ट पैसे आधीच मोजून मोकळ्या होणाऱ्या मंडळींनी ध्यानात ठेवावी.

एकाची संमती नसेल तर क्रूरता, व्यभिचार, सलग दोन वर्षांचा परित्याग, सात वर्षे जिवंत असल्याची वार्ता नसणे, धर्मांतर, संन्यास अशा कायद्यातील एखाद्या कारणावर उभे राहावे लागते. (संन्यास म्हणजे विधिपूर्वक संसारत्याग, शेतीची कामे टाकून महिनाभर वारीला गेलेल्या नवऱ्याविरुद्ध तो आधार चालणार नाही.) 'आता या नात्यात काही उरलेले नाही' एवढे कारण पुरत नाही, केवळ त्या आधारावर विवाह संपुष्टात आणण्याचा अधिकार २०२३ च्या घटनापीठाने सर्वोच्च न्यायालयापुरताच मान्य केला. मग समन्स, कैफियत, मुद्दे, सरतपास, उलटतपास, युक्तिवाद असा दिवाणी दाव्याचा सगळा प्रवास घडतो आणि तारखांमागून तारखा पडत जातात. चारचौघांत अब्रू जाईल ही धास्ती येथे अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, अडवून धरते. वस्तुतः हिंदू विवाह अधिनियमाखालील कामकाज बंद दालनात चालते आणि त्यातील मजकूर छापण्यास मनाई आहे.

खरा झगडा बहुधा पोटगीवरच पेटतो. दावा चालू असताना अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा सांगतो, आणि उत्पन्न नसलेल्या पतीलाही तो करता येतो. 'जमीन वडिलांच्या नावे आहे, उसाचे बिल त्यांच्याच खात्यात जमा होते' हा बचाव साखर कारखान्यांच्या श्रीगोंदा तालुक्यात सहज सुचण्यासारखा. पण २०२० पासून उभयतांना मालमत्ता व उत्पन्न शपथपत्रावर जाहीर करावे लागते, आणि शेतीवर निर्वाह असणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निराळा नमुनाच नेमून दिला आहे. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रीला तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

हुकूमनामा झाल्यावरही लगेच बोहल्यावर चढू नये, कारण अपिलाची मुदत नव्वद दिवसांची आहे आणि ती उलटल्यावर, अथवा अपील फेटाळले गेल्यावरच, पुनर्विवाह कायदेशीर ठरतो. नुसत्या फारकतनाम्याच्या भरवशावर, रूढी शाबीत करण्याची तयारी नसता, जो दुसरे लग्न करतो त्याचे ते लग्न अवैध ठरतेच, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कारावासाची पाळी येऊ शकते. त्या दुसऱ्या घरी जन्मलेली मुले हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ अन्वये औरस मानली जातात व आईबापांच्या मालमत्तेत वाटा मागू शकतात. त्यांच्या आईला मात्र नवऱ्यामागे विधवा म्हणून वारसाहक्क सांगता येत नाही.