वर्गातील विद्यार्थी-सहायक : कोणते काम द्यावे, कोणते देऊ नये

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार प्राथमिक स्तरावर ३० व उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असणे अपेक्षित आहे. हे प्रमाण प्रत्यक्षात पाळले गेले, तरी ३५ मिनिटांच्या तासिकेत एका विद्यार्थ्याच्या वाट्याला शिक्षकाचे जेमतेम एक मिनिट येते. जेथे वर्गात साठ मुले दाटीने बसतात, तेथे तर हिशेबच नको. म्हणून विद्यार्थ्यांपैकीच काहींची मदत घेणे ही शिक्षकाची गरज असते आणि ती जुनी गरज आहे.

मात्र बहुतेक वर्गांत ही मदत एकाच ठरावीक स्वरूपात घेतली जाते. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला मॉनिटर नेमले जाते. शिक्षक कार्यालयात गेले की तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहितो, आणि शिक्षक परतले की त्या यादीप्रमाणे शिक्षा होते. या व्यवस्थेत वर्ग शांत राहतो, हे खरे. पण त्या अर्ध्या तासात कोणी काही शिकले काय, हा प्रश्न विचारला जात नाही. सहायकाला शिकण्याचे काम द्यावयाचे की सत्ता द्यावयाची, हा येथील मूळ मुद्दा होय. शिक्षणाच्या इतिहासात दोन्ही प्रकारचे प्रयोग झालेले आहेत.

मुईद आणि तकरार

मध्ययुगीन मदरशांत मुदर्रिसच्या हाताखाली 'मुईद' असे. अरबीत या शब्दाचा अर्थ 'पुन्हा सांगणारा'. मुदर्रिसने पाठ दिला की प्रगत विद्यार्थी किंवा तरुण विद्वान असलेला हा मुईद तोच पाठ मागे पडलेल्यांना पुन्हा समजावून देई. बगदाद येथे १२३४ मध्ये सुरू झालेल्या मुस्तनसिरिया मदरशात चार फिकही मजहबांपैकी प्रत्येकासाठी ६२ विद्यार्थी, एक मुदर्रिस आणि चार मुईद अशी रचना होती. म्हणजे एका मुईदकडे सुमारे पंधरा-सोळा विद्यार्थी येत. आजच्या गटअध्यापनालाही ही संख्या फार परकी वाटणार नाही.

भारतातील दीनी मदरशांत आजही 'तकरार' ही पद्धत आढळते. दिवसाचे पाठ संपल्यावर विद्यार्थी लहान लहान घोळक्यांत बसतात व एक जण तो दिवसाचा सबक इतरांसमोर पुन्हा मांडतो. याच शब्दाला मराठीत 'तक्रार' हे रूप व गाऱ्हाण्याचा अर्थ प्राप्त झाला. मूळ अर्थ मात्र पुनरावृत्ती असाच आहे. तकरारमध्ये सांगणाऱ्याला कोणाला गुण द्यावयाचे नसतात, कोणाला उठवून उभे करावयाचे नसते. ऐकणारे त्याला मध्येच अडवू शकतात, आणि अडवतातही. सांगणाऱ्याचा स्वतःचा कच्चेपणा तेथेच उघड होतो.

मद्रास ते लंडन

दुसरा प्रयोग मद्रास येथील एग्मोरच्या अनाथालयात झाला. १७८९ मध्ये तेथील कारभार हाती घेतलेल्या अँड्र्यू बेल यांना वाळूत बोटाने अक्षरे गिरवण्याची देशी पद्धत वर्गात आणावयाची होती. पण हाताखालचे शिक्षक तयार होईनात. तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्कन नावाच्या सुमारे आठ वर्षांच्या मुलावर मुळाक्षरांचा वर्ग सोपवला. मोठ्यांना जे जमत नव्हते, ते या मुलाला जमले. बेल यांनी १७९७ मध्ये लंडनमध्ये या अनुभवाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनच्या साउथवर्क भागात गरीब मुलांसाठी शाळा काढली आणि एकाच शिक्षकाने मॉनिटरांच्या साहाय्याने शेकडो मुलांना शिकवण्याची रीत रूढ केली.

बेल यांच्या मूळ अनुभवात तथ्य होते. परंतु लँकेस्टर यांच्या शाळेत मॉनिटर हळूहळू जमादार बनला. तो हजेरी घेई, पाठांतर तपासे, अपराध्यांची नावे कळवी. शिक्षेचे प्रकारही विचित्र होते. मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवणे, त्याला टोपलीत घालून छताला टांगणे इथपर्यंत मजल गेली. शिकवण्याच्या नावाने उरले ते साचेबंद पाठांतर. १८४६ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स के-शटलवर्थ यांच्या पुढाकाराने 'विद्यार्थी-शिक्षक' योजना आली. तेरा वर्षांवरील निवडक मुलांना पाच वर्षांची उमेदवारी, वेतन आणि मुख्याध्यापकाकडून रोजचे शिक्षण अशी तिची रचना होती, आणि त्यानंतर मॉनिटर-पद्धती मागे पडली. ज्याने शिकवावयाचे त्यालाही कोणीतरी शिकवले पाहिजे, हे समजण्यास जवळपास अर्धशतक लागले.

सहायकाला काय दिसते

विद्यार्थी-सहायकाची खरी उपयुक्तता भाषेच्या वर्गात स्पष्ट दिसते. बेळगाव किंवा हैदराबादकडील ज्या मुलांच्या घरी दखनी बोलली जाते, ती मराठी लिहिताना 'मी भाकरी खाल्लो' असे लिहितात. शिक्षक लाल शाईने 'खाल्ली' असे दुरुस्त करतात. चार दिवसांनी चूक पुन्हा वहीत हजर. कारण दखनीत 'मैं रोटी खाया' असेच म्हणतात. क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे चालते. मराठीत ते येथे भाकरीप्रमाणे चालते. ज्या मुलाने गेल्या वर्षी हीच चूक करून सोडवली, तो शेजारच्याला म्हणतो, "अरे, खानेवाले को नको देख, भाकरी को देख." व्याकरणाच्या पुस्तकात कर्मणी प्रयोगाची व्याख्या आहे, पण अडलेल्या मुलाला हे वाक्य आधी कळते. नपुंसकलिंगाचेही तसेच. उर्दूत किताब स्त्रीलिंगी. मराठीत 'ते पुस्तक'. हे तिसरे लिंग उर्दूत नाहीच, त्यामुळे ते कोठे बोचते हे त्या वाटेने आलेल्यालाच ठाऊक असते.

यावरून निवडीचा एक निकष मिळतो. सहायक नेहमी पहिल्या क्रमांकाचाच असावा असे नाही. ज्याला सर्व काही आपोआप येते, त्याला दुसऱ्याची अडचण दिसत नाही. नुकताच अडथळा ओलांडलेला विद्यार्थी अधिक उपयोगी पडतो. सातवीतील वाचनात मागे असलेल्या मुलाने दुसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवावी. त्यासाठी तो घरी ती चार वेळा वाचून येतो. कोहेन, कुलिक आणि कुलिक यांनी १९८२ मध्ये अशा शिकवणीवरील ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात शिकणाऱ्यांप्रमाणेच शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांनाही लाभ झाल्याचे दिसले.

कर्नाटकात १९९५ मध्ये हेग्गडदेवनकोटे तालुक्यातून सुरू झालेल्या 'नलि-कलि' पद्धतीत तर ही गोष्ट बैठकीतच बसवली आहे. मुले पाच गटांत बसतात : पूर्णतः शिक्षकाच्या मदतीचा गट, अंशतः शिक्षकाच्या मदतीचा, सोबत्याच्या मदतीचा, अंशतः सोबत्याच्या मदतीचा व स्वयंअध्ययनाचा. मूल जसजसे टप्पे पार करते तसतसे ते गट बदलते. कायमचा साहाय्यक कोणीच नसतो.

काही पथ्ये

सहायकाला काम देण्यापूर्वी दहा मिनिटे द्यावीत. उत्तर सांगू नये, 'कोठे अडले?' असे आधी विचारावे, आणि स्वतःला येत नसेल तर 'सरांना विचारू' म्हणावे, एवढे त्याला करून दाखवावे. चुकीचे समजावले जाण्याचा धोका असतोच. म्हणून शिक्षकाने त्या वेळी हजेरीपटात डोके न घालता गटांमधून फिरावे. एका वेळी पंधरा मिनिटे पुरे. गुण देणे, गृहपाठ न करणाऱ्यांची यादी करणे, नावे लिहिणे ही कामे सहायकाकडे मुळीच देऊ नयेत. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना २००९ च्या कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे, आणि ती मनाई मॉनिटरच्या हातून करवून घेतलेल्या शिक्षेसाठी सैल होत नाही. वह्या गोळा करणे, फळा पुसणे ही कामेही पाळीने असावीत. मुलींनी वर्ग झाडावा आणि मुलांनी गट चालवावा अशी वाटणी अजूनही दिसते. ती शिक्षकानेच मोडावी लागते.

पालकांकडून एक आक्षेप हमखास येतो : आमचा मुलगा शिकायला येतो, शिकवायला नाही. रोज तोच मुलगा, तोच विषय, अशी स्थिती असेल तर हा आक्षेप रास्त आहे आणि त्यावर वाद घालू नये. पाळी बदलावी. गणितात मदत करणारी मुलगी उर्दूच्या तासाला दुसऱ्याची मदत घेत असेल, तर ते तिच्या पालकांना वह्या उघडून दाखवता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येही सहाध्यायींनी एकमेकांना शिकवण्याचा उल्लेख आहे, पण तो प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखालील ऐच्छिक उपक्रम म्हणून. त्यामुळे ज्या मुलाला या आठवड्यात नको वाटते, त्याला नाही म्हणता आले पाहिजे.