जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी: लिनक्स टाकल्यावर वेग नेमका कुठून येतो?

बसमध्ये नाहीतर लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकत असाल, तर काही लिहून घ्यायची गरज नाही. आजच्या भागातलं सगळं इथे खाली आहे.

खूप जण विचारतात, "घरात जुना लॅपटॉप पडलाय. लिनक्स टाकला तर फास्ट होईल का?" होईल. पण तुम्हाला वाटतं त्या कारणाने होईलच असं नाही. हे मी एक अख्खा शनिवार घालवून शिकलोय.

माझी मावसबहीण साताऱ्यात राज्यसेवेची तयारी करते. तिचा लॅपटॉप २०१३ चा. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत पावणेपाच मिनिटं! त्यात विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ एवढ्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेतच नाही. काका म्हणाले, "हप्त्यावर नवीन घेऊन टाकतो. कुठला घ्यायचा तेवढं सांग." घरात धाकट्याच्या कॉलेजची फी भरायची होती, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "काका, थांबा. दोन दिवस द्या मला."

शनिवारी तिच्या नोट्स पेनड्राइव्हवर काढल्या आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. हा हलका डेस्कटॉप. पुन्हा घड्याळ लावलं, तर सव्वादोन मिनिटं. मी खूश. ती म्हणाली, "दादा, दिसतंय छान. पण काहीही उघडलं की चक्र फिरतच राहतं."

खरं होतं. मी न मोजताच औषध दिलं होतं. मग रविवारी मोजायला बसलो.

पहिला संशयित: डिस्क

जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे. म्हणजे एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद. वाचणारा काटा योग्य जागी सरकणार, मग हवा तो भाग फिरून खाली येणार. त्यामुळे सेकंदाला शंभरेक ठिकाणचंसुद्धा वाचून होत नाही. आणि ब्राउझर उघडताना तर शेकडो छोट्या फायली इकडून तिकडून लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, ती हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते.

विंडोजवर असाल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि प्रोसेसर मात्र निवांत, असं दिसलं तर चोर सापडला. लिनक्स टाकून ओझं कमी होतं, पण तबकडी काही जोरात फिरायला लागत नाही.

मी मिंटमधलं डिस्क्स नावाचं ॲप उघडून डिस्कची तब्येत पाहिली, तर खराब सेक्टर वाढलेले. म्हणजे वेग राहू द्या, तिच्या तीन वर्षांच्या नोट्स कधीही गेल्या असत्या. नोट्स आधी काढून ठेवल्या, हे एकच शहाणपण मी शनिवारी केलं होतं. त्याच संध्याकाळी २४० जीबीची साटा एसएसडी आणून बसवली, त्यावर तोच मिंट टाकला. पस्तीस सेकंद!

दुसरा: रॅम

रॅम भरली की सिस्टम डिस्कचा तुकडा रॅमसारखा वापरते. त्याला स्वॅप म्हणतात. डिस्क संथ असेल तर इथेच सगळं गोठतं. पण एक गैरसमज काढून टाका. लिनक्समध्ये 'फ्री' आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका. रिकामी रॅम लिनक्स फायली हाताशी ठेवायला वापरतो आणि गरज पडली की सोडतो. बघायचा आकडा म्हणजे 'अव्हेलेबल'.

रॅम वाढवता येत नसेल तर झेडरॅम वापरा. यात कमी लागणारा डेटा दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवतात. फेडोरामध्ये २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून हे आपोआप चालू असतं. इतर बऱ्याच ठिकाणी एक पॅकेज टाकावं लागतं. वाढवता येत असेल तर आधी मागचं झाकण उघडून बघा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच जोडलेली असते. बहिणीच्या लॅपटॉपमध्ये एक स्लॉट रिकामा होता, त्यात ४ जीबी बसली.

तिसरा: डेस्कटॉप

लोक सगळ्यात जास्त भांडतात ते यावर. नोमसारखा मोठा डेस्कटॉप नुसता उघडा असताना एक जीबीच्या पुढे रॅम घेतो. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी साधारण त्याच्या निम्म्यात भागवतात. ४ जीबीच्या मशीनवर हा फरक जाणवतो. ८ जीबी आणि एसएसडी असेल तर आवडेल तो घ्या. कारण वाचवलेली रॅम ब्राउझरचे चार टॅब परत खाऊन टाकतात.

चौथा: व्हिडिओ

बहीण दिवसभर यूट्यूबवर लेक्चर बघते. तेच अडखळत होतं आणि पंखा किंचाळत होता. कारण असं, की यूट्यूब बऱ्याचदा व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात व्हिडिओ पाठवतं. जुन्या चिपला एच२६४ साठी वेगळी सोय आहे, या नव्या प्रकारांसाठी नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर. एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन यूट्यूबकडून जुना प्रकार मागून घेतं. ते टाकलं आणि पंख्यातली धूळ काढली. मशीन तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणून ती साफसफाईसुद्धा वेगाचंच काम आहे.

आता प्रामाणिकपणे सांगतो. लिनक्स सगळ्यांसाठी नाही. तुमच्या टायपिंग क्लासचं किंवा ऑफिसचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर आधी चौकशी करा. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज आणि मराठी टायपिंग तपासा. लाइव्ह चालवताना डिस्कला हात लागत नाही. फक्त पेनड्राइव्हवरून संथ वाटलं म्हणून निकाल देऊ नका, ती स्वतः संथ असते. आणि बॅकअपशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबायचं नाही म्हणजे नाही.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी मोजा, मग डिस्क, मग रॅम, मग डेस्कटॉप आणि ब्राउझर. मी नेमका उलटा गेलो होतो.

काकांनी नवीन लॅपटॉप घेतला नाही, फी वेळेवर भरली गेली. परवा बहिणीला फोन केला, "कसा चाललाय लॅपटॉप?" म्हणाली, "दादा, लॅपटॉपचं सोड. आता अभ्यास न करायला कारणच उरलं नाही."

तुमच्या मशीनचं साल, रॅम आणि डिस्कचा प्रकार लिहून पाठवा. पुढच्या भागात त्यातली काही उदाहरणं सोडवू. भेटू!