उंच केलेल्या जीपचे स्टिअरिंग : दोष आणि उपाय

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या गोठ्याशेजारी आज एखादी जुनी जीप उभी असते. विलिस घडणीची ही गाडी 1941 पासून महायुद्धात नावारूपास आली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास तिची जुळवणी मुंबईत सुरू झाली. पावसाळ्यात काळ्या रानातून जाताना तिचे पोट चिखलास टेकते, सबब ती चार बोटे उंच करून मोठे टायर घालण्याकडे तरुण मंडळींचा ओढा असतो. उंची मिळते खरी. परंतु स्टिअरिंगमध्ये जे दोष उत्पन्न होतात त्यांची वाच्यता सहसा होत नाही.

प्रस्तुत लेखक यंत्रविद्येचा पंडित नव्हे; सारे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. गतवर्षी पुतण्याने आपली जीप अशीच उंच करविली. आठवड्याच्या आत, बाजाराहून परतताना, डांबरी सडकेवरील लहानशा खड्ड्यात चाक गेले मात्र, तोच पुढची दोन्ही चाके थडथड हलू लागली व स्टिअरिंग हातात ठरेना. गाडी कालव्याच्या काठावर जाऊन थांबली. मागे वहिनी व दोन मुले बसलेली होती. काम करणाऱ्या कारागिराने स्टिअरिंगला एक डॅम्पर बसवून दिला; पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा तेच. अखेर तालुक्याच्या गावी एका वृद्ध मिस्त्रीने गाडी क्रमाने तपासली. शेजारी बसून मी सवयीप्रमाणे सर्व टिपून घेतले. ते येणेप्रमाणे.

प्रथम दोषाची कारणे पाहू. सायकलीचा पुढचा दांडा वरून मागे कललेला असतो, म्हणून हात सैल सोडला तरी ती सरळ चालू पाहते. जीपच्या चाकाचा किंगपिनही असाच मागे कललेला असतो. या कलास कॅस्टर म्हणतात. जुन्या विलिस जीपला तो सुमारे 3 अंश असे. पाट्यांना लांब शॅकल लावून गाडी उंच केली की हा कल बदलतो. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकास असेल तर कॅस्टर कमी होतो, मागच्या टोकास असेल तर वाढतो. कमी झाला की गाडी सडकेवर भरकटते व वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही.

दुसरे कारण ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगच्या पेटीकडून चाकाकडे जाणारी दांडी. खुंट्यास बांधलेले गुरू दाव्याच्या लांबीएवढ्याच वर्तुळात फिरते, तद्वत या दांडीचे टोकही वर्तुळातच फिरते. दांडी आडवी असता चाक थोडे वरखाली झाले तरी टोक बाजूस फारसे सरकत नाही. गाडी उंच झाली की दांडी तिरपी होते. मग प्रत्येक खड्ड्यागणिक ती चाकास ओढते किंवा ढकलते, आणि चालकाने स्टिअरिंग न फिरविताही गाडी वळते.

तिसरे कारण झिजलेले सांधे. मोठ्या व जड टायरांमुळे त्यांवर अधिक ताण येतो आणि पूर्वी निभावून गेलेली ढिलाई आता थरथरीचे मूळ ठरते.

आता तपासणीचा क्रम. गाडी सपाट जागी उभी करून चाकांस दगड लावावेत. एकाने स्टिअरिंग थोडे डावे-उजवे हलवावे व दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे; ढिला सांधा बोटास तत्काळ कळतो. मग आस जॅकने उचलून भक्कम ठोकळ्यावर टेकवावा आणि चाक वरखाली धरून हलवून किंगपिनचे व चाकाचे बेअरिंग पाहावे. यू-बोल्ट, पाट्यांचे बुश, स्टिअरिंगची पेटी चासीस धरणारे बोल्ट, हवा व चाकांचा समतोल यांचीही पाहणी व्हावी. झिजलेले बदलल्यावाचून पुढील मापे घेणे व्यर्थ आहे.

त्यानंतर कॅस्टर मोजावा. तो कमी भरल्यास आस व पाटा यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून दुरुस्त करता येतो. मात्र पुढच्या चाकांसही शक्ती मिळत असल्याने आस अधिक कलविला तर पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात चालून लवकर झिजतात. सबब पाचर बेताचीच असावी. ड्रॅग लिंक तिरपी असल्यास योग्य मापाचा वाकविलेला पिटमन आर्म लावून ती शक्य तितकी आडवी आणावी. शेवटी टो-इन, म्हणजे दोन्ही टायरांमधील पुढचे व मागचे अंतर, टेपाने मोजून बसवावे. ब्रेकच्या नळ्या चाके लोंबकळली असता ताणल्या जात नाहीत ना, हेही पाहावे.

डॅम्परविषयी एवढेच सांगणे आहे की तो थरथर दाबतो, कारण दूर करीत नाही. धावत्या गाडीस अशी थरथर सुटल्यास जोराने ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटर सोडून, स्टिअरिंग घट्ट धरून, वेग हळूहळू उतरू द्यावा.

कायद्याचीही बाजू आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वये गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. सबब परिवहन कार्यालयात विचारणा आधी, पाना मागाहून.

आमच्या जीपचे दोन सांधे व एक किंगपिन बेअरिंग झिजलेले निघाले आणि कॅस्टर जवळजवळ शून्यावर आलेला होता. पुतण्याने सांधे व बेअरिंग बदलले, लांब शॅकल काढून मूळचे बसविले व टायर पूर्वीच्या मापाचे घेतले. चिखलाच्या दिवसांत गाडी आता बांधावरच थांबते व पुढे बैलगाडी जाते. हद्दीचा एक दगड सरकविला की चार शेजाऱ्यांची मोजणी पुन्हा करावी लागते, हे आम्ही महसूलवाले जाणतो. गाडी एक इंच उचलणाऱ्यानेही तेच जाणावे. वहिनी पुन्हा त्या जीपमध्ये बसू लागल्या आहेत, यापरते अधिक काय हवे?