चाकं थांबली की गाडी थांबली

पावसाळा लागला की कर्जत-खालापूरच्या माळांवर चिखलात जीपा घालणारे येतात आणि त्यांच्यामागे कॅमेरेवाले. घाटाच्या वर आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस असली की तिकडेही हीच मंडळी. आणि दरवेळी कुणीतरी जाणकाराच्या थाटात सांगतोच : "गाडी जोरात असते ना, मग शटर वाढव. दोन हजार, चार हजार, जाईल तेवढा."

हिशेब करून बघू. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. १/२००० सेकंदात गाडी सरकते जेमतेम १ सेंटीमीटर. टायरचा घेर साधारण २ मीटर धरला, तर चाक सेकंदाला १० फेरे मारतं. पण एवढ्याशा वेळात ते दोन अंशही फिरत नाही. फोटोत चाकाचा आरा न् आरा मोजता येतो, टायरवरचं कंपनीचं नाव वाचता येतं, मागची झाडंही तेवढीच ठळक. गाडी धावतेय की उभी आहे, हे बघणाऱ्याने ओळखायचं कशावरून? "पण शार्प आलाय ना!" आलाय की. उभ्या गाडीचाही येतो, आणि त्यासाठी उन्हातान्हात तिष्ठावं लागत नाही.

आता शटर १/६० वर आणा. तेवढ्या वेळात गाडी ३३ सेंटीमीटर जाते, चाक ६० अंश फिरतं आणि आरे एकमेकांत मिसळतात. मात्र कॅमेरा जागच्या जागी धरून चालत नाही, नाहीतर गाडीचाच फराटा उमटेल. तो गाडीबरोबर फिरवायचा. यालाच पॅनिंग म्हणतात. पाय रोवायचे, कोपरं अंगाला लावायची, वळायचं कमरेतून. गाडी दूर असतानाच फ्रेममध्ये घ्यायची आणि क्लिक झाल्यावरही वळत राहायचं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं : बटण दाबलं की हात थांबतो. नीट जमलं तर हेल्मेट आणि नंबर स्पष्ट येतात, मागच्या गर्दीच्या, झाडांच्या आडव्या रेघा होतात. मागे नुसतं आभाळ असेल तर रेघा ओढायला काही उरतच नाही, म्हणून उभं राहण्याची जागा आधी बघून ठेवायची. फार जवळही जाऊ नये. जवळून गाडीचं नाक आणि शेपूट वेगवेगळ्या कोनीय वेगाने सरकतात, त्यामुळे एक टोक स्पष्ट येतं आणि दुसरं पुसट. लांबून, मोठ्या लेन्सने अख्खी गाडी हाती लागते.

"पुसट म्हणजे फसलेला" असं ज्यांना वाटतं, त्यांनी फ्रान्सच्या झाक आंरी लार्तिगचा फ्रेंच ग्राँप्रीतला फोटो जरूर शोधून बघावा. साल १९१२ की १९१३, यावर वाद आहे, फोटोवर नाही. ६ नंबरची मोटार अर्धी फ्रेमबाहेर गेलेली, चाक लंबगोल होऊन पुढे झुकलेलं, कडेची माणसं उलट मागे कललेली. त्याच्या कॅमेऱ्यात शटरची फट काचेवरून हळू सरकायची, तेवढ्यात मोटार पुढे जायची. कॅमेरा तो फिरवत होता, पण मोटारीपेक्षा कमी वेगाने. त्यामुळे मोटार एकीकडे झुकली, माणसं दुसरीकडे. लार्तिगनेही तो फसलेला म्हणून बाजूला टाकला होता. आज मोटारशर्यतीच्या गाजलेल्या फोटोंत त्याचं नाव आधी घेतात.

शटर कधीच वाढवू नये, असंही नाही. आपल्याकडची चिखलातली जीप मुळात चालते ताशी दहा-पंधराने. तिथे वेग गाडीत नसतो, उडणाऱ्या चिखलात असतो. तो थेंबाथेंबाने हवेत पकडायला १/१००० हवाच. पण तीच जीप रुतून चाकं जागेवर गरगरत असतील, तर कॅमेरा घट्ट धरून १/३० लावा.

बाकीचे समज फार वेळ देण्याच्या लायकीचे नाहीत. महागडा कॅमेरा लागतो : ऑटोफोकस चपळ मिळतो, कमरेतून वळणं मिळत नाही. रेघा नंतर सॉफ्टवेअरने ओढता येतात : येतात, पण रस्ता, कुंपण आणि लांबची झाडं सारखीच पुसली जातात, आणि जाणकाराला ते लगेच कळतं. मोबाइलने जमत नाही : भर उन्हात मोबाइल आपणहून १/२००० च्या वर जातो, कारण बहुतेक मोबाइलच्या लेन्सचं छिद्र लहान करता येत नाही; म्हणून प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा, नाहीतर ढगाळ दिवस गाठा. बैलगाडा शर्यतीचा फोटो काढणं म्हणजे लफडं : सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. परवानगीने भरलेल्या शर्यतीत खुशाल जा. तिथे बैलांचं अंग वरखाली होत असतं, तेव्हा डोळा स्पष्ट आला तरी पुष्कळ.

एका समजुतीवर मात्र मी चिडतोच : मित्राला बोरघाटात बाइक पळवायला लावून सराव करता येतो म्हणे! सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि घाटातल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तर दुचाकीला मुळात बंदी आहे. सरावाला कर्जत-चौक रस्ता पुरे. रस्त्यापासून लांब, शेताच्या बांधावर उभं राहायचं, शटर १/४० ला लावायचं आणि चाळीसच्या वेगाने येणाऱ्या रिक्षा टिपत बसायचं. रिक्षावाले हात दाखवतील, पॅसेंजर समजून थांबतीलही.